भावाचा फ्लॅट बँक लिलावात काढणार आहे. थांबून लिलावात घ्यावा की आधीच पैसे भरावेत?

तुमचा प्रश्न असा आहे. धाकट्या भावाचा पुणे महापालिका हद्दीत फ्लॅट आहे. नोकरी गेल्यामुळे गृहकर्जाचे अकरा हप्ते थकले, हप्ता ३१ हजारांचा. कर्जाची एकूण बाकी साधारण ३१ लाख, फ्लॅटचा बाजारभाव ५५ लाखांच्या आसपास. बँकेची ६० दिवसांची नोटीस येऊन गेली, त्यावर भावाने काहीच केले नाही. तीन आठवड्यांपूर्वी दारावर कब्जा नोटीस चिकटवली आणि ती पेपरातही आली. तुम्ही नाशिकला असता, हाताशी थोडे पैसे आहेत. आता कोणीतरी सुचवले आहे की घाई करू नका, लिलाव होऊ द्या, तिथे स्वस्तात मिळेल आणि फ्लॅट घरातच राहील.

हा सल्ला ऐकू नका. बँकेच्या बाजूने प्राधिकृत अधिकारी, म्हणजे कब्जा आणि विक्री करणारा बँकेचा अधिकारी, म्हणून आणि नंतर वकील म्हणून कर्जदारांच्या बाजूने मी ही प्रकरणे हाताळली आहेत. लिलावातून घरच्या माणसाने घर परत घेणे हा सगळ्यांत महागडा मार्ग आहे. तुमच्याकडे अजून एक दार उघडे आहे. विक्रीची जाहिरात प्रसिद्ध झाली की ते बंद होते.

हे सगळे सरफेसी कायद्याखाली, म्हणजे २००२ च्या केंद्रीय कायद्याखाली चालते. त्याचे नियम देशभर एकच आहेत. आपल्या राज्याचा भाग येतो तो मुद्रांक शुल्क, नोंदणी, फेरफार आणि सोसायटी इथे. लोक या दोन्हींचा खर्च एकत्र मांडत नाहीत आणि तिथेच हिशेब चुकतो.

आधी एक खात्री करून घ्या. नोटीस बँकेचीच आहे ना? पतसंस्थेची असेल तर रस्ता पूर्ण वेगळा. पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला घेते आणि कलम १५६ व नियम १०७ खाली विशेष वसुली अधिकारी जप्ती आणि विक्री करतो. सहकारी बँक मात्र सरफेसी वापरू शकते. त्यावर बरीच वर्षे वाद होता, तो कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ५ मे २०२० रोजी मिटवला. 'आमची बँक सहकारी आहे, तिला हा कायदा लागू नाही' हे जुने वाक्य अजूनही ऐकू येते. ते विसरा.

आता नोटिशींकडे. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खाते एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, होते आणि मग कलम १३(२) ची मागणी नोटीस निघते. तिच्यात थकलेले हप्ते नाही, पूर्ण कर्ज ६० दिवसांत मागितलेले असते. ते बघून माणूस हबकतो आणि कागद कपाटात ठेवून देतो. या काळात कर्जदाराला लेखी हरकत घेता येते आणि बँकेला कलम १३(३अ) खाली १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. भावाने ती संधी घालवली. ठीक आहे, पण नोटीस पुन्हा वाचून काढा. व्याजाचा दर, एनपीएची तारीख, फ्लॅटचे वर्णन, जामीनदारांची नावे. आणि हो, तुम्ही जामीनदार आहात का? असाल तर या कायद्याच्या व्याख्येत तुम्हीही कर्जदारच आहात, तुम्हालाही नोटीस मिळायला हवी होती, आणि तुमच्या सिबिलवर परिणाम सुरू झालेला असणार.

रजिस्टर पोस्ट न स्वीकारण्याचा उपाय काही जण सांगतात. त्याचा उपयोग शून्य. घेतली नाही तर नियमांप्रमाणे दारावर लावून आणि दोन वर्तमानपत्रांत छापून ती बजावली गेली असे धरले जाते. तेवढ्यात गावभर नाव होते ते वेगळेच.

दारावर लागली ती कब्जा नोटीस. हा बहुधा सांकेतिक कब्जा आहे: भाऊ घरातच राहतो, कागदावर ताबा बँकेकडे गेला. ती लावल्यापासून सात दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत छापावी लागते, त्यातले एक स्थानिक भाषेतले. प्रत्यक्ष कब्ज्यासाठी बँक कलम १४ खाली पुण्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. अर्जावर ३० दिवसांत, फार तर ६० दिवसांत आदेश व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, पण त्या भरवशावर राहू नका. आदेशानंतर तहसील कार्यालयाचा माणूस किंवा न्यायालयाने नेमलेला वकील आयुक्त, पोलीस, पंचनामा आणि सामानाची यादी. वकील आयुक्त नेमता येतो की नाही हा प्रश्नही मुंबई उच्च न्यायालयातून वर गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये 'येतो' असे सांगितल्यापासून कब्जे वेगाने होतात.

कब्जा नोटिशीने एक मुदत सुरू केली आहे, ती लक्षात ठेवा. बँकेच्या कारवाईला आव्हान द्यायचे असेल तर ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात, तुमच्या बाबतीत पुण्याच्या डीआरटीत, कलम १७ चा अर्ज करावा लागतो. तीन आठवडे गेलेत, म्हणजे निम्म्याच्या आसपास मुदत उरली आहे. दिवाणी कोर्टात मनाई हुकूम मागायला जाऊ नका, कलम ३४ ने ते दार बंद आहे. उच्च न्यायालयही बहुतेक वेळा 'आधी डीआरटीत जा' असेच सांगते. मात्र डीआरटीत जायला कारण हवे. नोटीस चुकीच्या पत्त्यावर गेली, हरकतीला उत्तर दिले नाही, हिशेब चुकला, अशी ठोस त्रुटी असेल तरच. केवळ वेळ काढण्यासाठी केलेला अर्ज वकिलाची फी वाढवतो आणि त्या काळात व्याज चालूच राहते.

आता मुख्य मुद्दा. २०१६ पर्यंत कर्जदाराला विक्री पूर्ण होईपर्यंत सगळी बाकी भरून मालमत्ता सोडवता येत असे. त्या वर्षीच्या दुरुस्तीने, १ सप्टेंबर २०१६ पासून, कलम १३(८) बदलले. आता खर्चासकट पूर्ण रक्कम लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होण्याच्या आधी द्यावी लागते. बराच काळ न्यायालये आणि वकील जुन्याच समजुतीने चालत होते. मग २१ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बाफना मोटर्सच्या प्रकरणात शब्द पक्का केला. त्यात लिलाव होऊन खरेदीदाराने पैसे भरले होते, कर्जदाराने नंतर जास्त रक्कम देऊ केली आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्याला ती भरू दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करून लिलावातल्या खरेदीदाराची बाजू उचलून धरली. तेव्हापासून बँकांचे अधिकारी जाहिरातीनंतर पैसे घेताना दहादा विचार करतात, विशेषतः बोली लागली असेल तर.

लोकांना वाटते, विक्रीची ३० दिवसांची नोटीस हातात येईल, मग ३० दिवस मिळतील, तेवढ्यात पैसे उभे करू. सरफेसीच्या नियमांतल्या नियम ८(६) खाली कर्जदाराला ३० दिवसांची विक्री सूचना द्यावी लागते हे खरे, आणि जाहिरात आणि लिलाव यांतही ३० दिवस जावे लागतात. पण हे दोन्ही तीस दिवस एकाच वेळी चालू शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटलेले आहे. म्हणजे पोस्टमन पाकीट घेऊन येतो त्याच दिवशी, किंवा त्याच्या आदल्या दिवशीही, पेपरात जाहिरात छापून झालेली असू शकते. हातात आलेले तीस दिवस बोली लावणाऱ्यांची तयारी करण्यासाठी असतात, तुमच्यासाठी नाहीत. शिवाय ज्या मराठी पेपरात जाहिरात येते तो तुमच्या घरी येणारा असेलच असे नाही. सरकारी बँक असेल तर बँकनेट पोर्टल आणि कुठलीही असो, तिची स्वतःची वेबसाइट दर दोन दिवसांनी पाहा.

पहिल्या लिलावात कोणी फिरकले नाही तर बँक पुन्हा बोलायला तयार होते, राखीव किंमत उतरते, दुसऱ्या लिलावाला फक्त १५ दिवसांची सूचना पुरते. हा अनुभव खरा आहे. पण तो बँकेच्या मर्जीचा भाग आहे, तुमच्या हक्काचा नाही. त्यावर घर टांगू नये.

तुमच्या आकड्यांचा हिशेब मांडू. थकलेले अकरा हप्ते म्हणजे ३ लाख ४१ हजार. त्यावर दंड आकारणी, नोटीस, पेपर, मूल्यांकन आणि वकील यांचा खर्च. आता समजा थांबलात आणि लिलावात फ्लॅट ५० लाखांना घेतलात. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे साडेतीन लाख. नोंदणी फी ३० हजार. भावाची अख्खी थकबाकी जेवढी आहे, तेवढे पैसे फक्त मुद्रांकात जातात! लिलावात कर्जापेक्षा जास्त आलेली रक्कम भावालाच परत मिळते, तीही बँकेने सर्व खर्च वजा केल्यावर आणि दुसऱ्या कोणा देणेकऱ्याचा दावा नसेल तर. शिवाय भावासाठी ही विक्रीच असल्याने भांडवली नफ्याचा कर त्याच्या डोक्यावर येऊ शकतो.

पैसे भरण्याची गतीही बघा. बोली मंजूर झाली की त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी इसारा धरून २५ टक्के, म्हणजे साडेबारा लाख. उरलेले साडेसदतीस लाख विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. बँकेने लेखी मान्यता दिली तर मुदत वाढते, पण तीन महिन्यांच्या पुढे नाही. चुकलात तर भरलेली रक्कम जप्त. लिलावातल्या मालमत्तेवर पंधरा दिवसांत गृहकर्ज उभे करून देणारी बँक सापडणे कठीण, म्हणून अशा लिलावांत रोकड बाळगणारे व्यापारीच पुढे असतात. त्यांच्याशी तुम्ही बोली लावणार आहात. ५५ लाखांचा फ्लॅट स्वस्तात मिळेल ही समजूत निघते ती राखीव किंमत वाचून. ती मान्यताप्राप्त मूल्यांककाच्या अहवालावरून ठरलेली बोलीची सुरुवात असते, त्यापुढे किती जाईल ते सभागृहातले नाही, संगणकासमोर बसलेले अनोळखी लोक ठरवतात.

मग करायचे काय? मी तीन मार्ग त्याच क्रमाने सांगतो ज्या क्रमाने ते वापरून पाहावेत.

पहिला, खाते नियमित करणे. कायद्याने बँकेने पूर्ण कर्ज मागितलेले असले तरी गृहकर्जात बहुतेक बँका थकीत रक्कम संपूर्ण भरली की कारवाई थांबवायला तयार असतात, कारण त्यांनाही एनपीए कमीच हवा असतो. इथे 'संपूर्ण' या शब्दावर अडून राहा. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले की मुद्दल आणि व्याज दोन्हींची सगळी थकबाकी भरल्याशिवाय खाते पुन्हा 'स्टँडर्ड' करता येत नाही. दहा हप्ते भरून अकरावा राहिला तर खाते एनपीएच राहते. भावाचे त्याच बँकेत वैयक्तिक कर्ज किंवा क्रेडिट कार्ड थकले असेल तर तेही विचारा, एनपीए खात्यागणिक नसून कर्जदारागणिक धरतात. शाखेत जाऊन तोंडी आकडा घेऊ नका. वसुली विभागाकडून, प्राधिकृत अधिकाऱ्याच्या सहीचे, अमुक तारखेपर्यंत अमुक रक्कम भरल्यास सरफेसी कारवाई मागे घेऊ असे पत्र घ्या, मग पैसे भरा. पत्राशिवाय भरलेले तीन लाख एकूण बाकीत जमा होतात आणि कारवाई चालूच राहते, हे मी वारंवार पाहिले आहे.

दुसरा, भाऊ पुढचे हप्ते भरू शकणार नसेल तर फ्लॅट तुम्ही घ्या, पण बँकेला सोबत घेऊन. कलम १३(१३) प्रमाणे मागणी नोटीस मिळाल्यानंतर कर्जदाराला बँकेच्या लेखी संमतीशिवाय मालमत्ता विकता किंवा भाड्याने देता येत नाही. त्यामुळे रातोरात खरेदीखत किंवा बक्षीसपत्र करायचा विचार सोडा. मागच्या तारखेचा भाडेकरार तर अजिबात नको. गहाणाआधीची भाडेवहिवाट सिद्ध करता आली नाही तर असा भाडेकरू टिकत नाही, आणि खोटा दस्त हे वेगळे लचांड. रीतसर मार्ग असा: बँकेला अर्ज द्या, एवढी बाकी तुम्ही भरता, बँक ना-हरकत देते, भाऊ तुमच्या नावे खरेदीखत करतो, पैसे थेट कर्जखात्यात जातात. तुम्हाला स्वतःला कर्ज हवे असेल तर तुमची बँक जुन्या बँकेच्या नावे पे ऑर्डर देते आणि मूळ कागदपत्रे परस्पर घेते. मुद्रांक इथेही लागतोच, पण किंमत तुम्ही दोघे ठरवता आणि पंधरा दिवसांची टांगती तलवार नसते. खरेदीदार म्हणून पत्नी एकटी असेल तर महिलांसाठीची १ टक्का सवलत मिळते, घरात पटत असेल तर विचार करा. बक्षीसपत्र २०० रुपयांच्या मुद्रांकावर होते असे कोणी सांगेल. ती सवलत पती, पत्नी, मुले, नातवंडे यांच्यासाठी आहे. भावाला ती नाही.

तिसरा, एकरकमी तडजोड. ५५ लाखांचे तारण असताना ३१ लाखांच्या कर्जावर बँक मोठी सूट देणार नाही, दंड आकारणी सोडेल एवढेच. अपेक्षा त्याच मापाने ठेवा. तडजोडीने बंद झालेले खाते सिबिलवर 'सेटल्ड' म्हणून दिसते हेही भावाला आधी सांगा.

कर्ज पूर्ण फिटले तर मूळ दस्त ३० दिवसांत परत मिळायला हवेत. १ डिसेंबर २०२३ पासून उशिराला दिवसाला ५ हजार रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्याचबरोबर दोन ठिकाणचा बोजा काढून घ्यायचा असतो, आणि तो आपोआप निघतो असे समजू नये. एक केंद्रीय नोंदवही, सरसाई. दुसरे आपले दुय्यम निबंधक कार्यालय. महाराष्ट्रात दस्त ठेवून गहाण केले की ३० दिवसांत त्याची सूचना दाखल करावी लागते, 'नोटीस ऑफ इंटिमेशन' म्हणतात ती. १ एप्रिल २०१३ पासूनची ही पद्धत. कर्ज देताना ती झाली असेल तर नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर शोध घेताना गहाण दिसत राहते. बँकेकडून ते मिटल्याची नोंद करवून घ्या, पुढे विकताना त्रास वाचतो.

आणि एवढे करूनही वेळ हातची गेली, लिलावातूनच घ्यावे लागले, तर नोंदणीचे नीट समजून घ्या. पूर्ण रक्कम भरल्यावर प्राधिकृत अधिकारी विक्री प्रमाणपत्र देतो. त्याची नोंदणी सक्तीची नाही, अधिकाऱ्याने प्रत दुय्यम निबंधकाकडे पाठवली की ती पुस्तक क्रमांक १ मध्ये, म्हणजे तिथल्या स्थावर मालमत्तेच्या नोंदवहीत, दाखल होते, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. ते बरोबरच. पण आपल्याकडे सोसायटी, उद्याचा तुमचा खरेदीदार, त्याला कर्ज देणारी बँक, सगळे सूची क्रमांक २, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा, मागतात. म्हणून मी सांगेन, पूर्ण मुद्रांक भरून नोंदणी करा. प्रमाणपत्रावर खरेदीखतासारखाच मुद्रांक लागतो. मूल्यांकनाबद्दल, म्हणजे लिलावाची किंमत धरायची की रेडी रेकनरची, दुय्यम निबंधकाशी वाद होईल असे वाटले तर आधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णय, म्हणजे शुल्क किती लागेल याचा निर्णय, करून घ्या. प्रमाणपत्र बिनमुद्रांकित ठेवून कपाटात टाकले तर तुटीच्या शुल्कावर महिन्याला २ टक्के दंड चढतो. नोंदणीची मुदत सहीपासून चार महिने, त्यापुढे दंड भरून आणखी चार. बँकेचा अधिकारी नोंदणीला यावा लागतो आणि त्यांची बदली होते, तेव्हा प्रमाणपत्र घेतानाच तारीख ठरवा. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरणे तुमची जबाबदारी, बँक सांगो वा न सांगो.

लिलाव 'जेथे आहे जसे आहे' तत्त्वावर असतो. सोसायटीची थकलेली देखभाल, मालमत्ता कर, वीजबिल याची चौकशी बोलीच्या आधी करायची. सोसायटी थकबाकी मिळेपर्यंत भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) नावावर करत नाही, आणि तिच्याशी भांडण्यात वर्ष जाते. विक्रीकराची जुनी थकबाकी असलेल्या उद्योजकाची मालमत्ता असेल तर सरसाईची नोंद कधीची आहे हे बघावे लागते. जळगावच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ऑगस्ट २०२२ मध्ये नोंद केलेल्या बँकेला राज्याच्या करावर अग्रक्रम दिला. पगारदार भावाच्या फ्लॅटला हा प्रश्न येणार नाही.

या आठवड्यात करायचे ते असे: भावाला घेऊन वसुली विभागात जा, थकीत रकमेचे आणि पूर्ण बाकीचे अशी दोन वेगळी पत्रे मागा, आणि मूल्यांकन झाले का, विक्रीची तारीख ठरली का ते विचारा. मूल्यांकक घर बघून गेला असेल तर जाहिरात फार लांब नाही.